हिवाळ्यात बालवाडी उघड्यावर चालवताना: थंडीआधी ओल सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३ ते ६ वर्षांच्या १६ मुलांचा गट आहे. रोज तीन तास मुलं झाडांमध्ये, उघड्यावर असतात. उन्हाळा आणि पानगळ छान गेली. आता पारा शून्याच्या आसपास आलाय, पुढे बर्फही पडेल. पालक विचारू लागलेत, "आता आत घेणार ना?" मदतनीस ताईंचाही तोच आग्रह आहे, कारण त्या स्वतः कुडकुडतात. तर किती थंडीला थांबायचं, मुलांना घालायचं काय, तीन तास करायचं काय आणि सर्दी-खोकल्याचं काय?

बंद करू नका. मात्र उन्हाळ्याचं वेळापत्रक वरून कोट चढवून तसंच हिवाळ्यात ओढू नका. निरोगी, कोरड्या, धावणाऱ्या मुलाला थंडी फारशी बाधत नाही. बाधतात ते ओले कपडे आणि एका जागी बसून राहणं.

मला हे एका चार वर्षांच्या मुलीमुळे कळलं. माझा तो उघड्यावरचा दुसराच हिवाळा होता. मुलं ओंडक्यांवर गोल बसली होती आणि मी गोष्ट सांगत होते. एकही मूल चुळबुळ करत नव्हतं. इतकं मन लावून ऐकतायत म्हणून मी खुशीत गोष्ट लांबवली, २० मिनिटं तरी झाली असतील. उठायची वेळ झाली तेव्हा शेजारच्या मुलीचा हात धरला, तर तिच्या बोटांनी माझी बोटं धरलीच नाहीत. हातमोजा ओलागच्च होता. ती रडत नव्हती, कुरकुरतही नव्हती. मला म्हणाली, "मला माझे पाय सापडत नाहीयेत." आत नेऊन बूट काढले तर सुती मोजे पिळून निघतील इतके भिजलेले. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत ती डबक्यात उतरली होती, आणि ते मी पाहिलंही होतं. तासाभरात ती पुन्हा खेळू लागली, पुढे काही झालं नाही. पण त्या दिवसापासून थंडीत मूल गप्प झालं की ते लक्ष देऊन ऐकतंय असं मी कधीच धरून चालत नाही. आधी त्याच्या मानेला हात लावते.

शरीराचं गणित साधं आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं, त्यामुळे ऊब लवकर बाहेर जाते. ती भरून काढतात स्नायू, म्हणजे हालचाल. आणि पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून उणे ८ अंशांचा कोरडा, बिनवाऱ्याचा दिवस मला सोपा वाटतो आणि अधिक २ अंशांवरचा रिमझिम पाऊस अवघड. नवीन शिक्षिका नेमकं उलट समजतात. आकडा शून्याच्या वर दिसला की निर्धास्त होतात, आणि त्याच दिवशी मुलं गारठतात.

किती थंडीला थांबायचं, हे ठरवताना नुसतं तापमान बघू नका, वारा धरून बघा. पारा उणे १० वर असेल आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. वारा धरून उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत हिमदंशाने जायबंदी होऊ शकते. लहान मुलांना घेऊन आपण त्या टोकाच्या जवळपासही जायचं नसतं. माझी स्वतःची रेघ अशी: वारा धरून उणे १० पर्यंत पूर्ण वेळ. उणे १० ते उणे १५ मध्ये निम्मा वेळ, मध्ये एकदा आत येऊन. त्याखाली मोठ्या मुलांना १५-२० मिनिटं मोकळं पळून यायला, आणि तीन वर्षांच्यांना आतच. हा काही कुठला सरकारी नियम नाही. तुमच्याकडे बालसंगोपनाचे स्थानिक नियम असतील तर ते आधी. सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र तापमान कितीही बरं असलं तरी झाडांखाली जायचं नाही. बर्फाच्या ओझ्याने चिरलेली फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही. मुलं यायच्या आधी एकटीने फेरी मारा आणि वर बघत चाला. आपण सगळे खालीच बघत चालतो. गोठलेल्या तळ्यावर किंवा ओढ्यावर पाऊल ठेवायचं नाही, बर्फ कितीही जाड दिसला तरी. यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

आता कपडे. अंगालगत सुती काही नको, अगदी सुती बनियनसुद्धा नको. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, म्हणून आतला थर पातळ लोकरीचा. लोकर टोचत असेल तर खेळाडू घालतात तसल्या कृत्रिम धाग्याचा. त्यावर फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं कवच. या कवचाची पँट खांद्यावरच्या पट्ट्यांची असली तर उत्तम, कारण मूल वाकलं की कंबर उघडी पडते आणि बर्फ नेमका तिथे शिरतो. गळ्याला लोंबता मफलर नको, झाडात किंवा घसरगुंडीत अडकला तर फास बसतो. डोक्यावरून घालायची नळीसारखी गळपट्टी घ्या. टोपीच्या, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्याही कापून टाका.

हातमोजे पाच बोटांचे नकोत. चारही बोटं एकत्र राहतात ते घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. दर मुलामागे तीन जोड लागतात. एक हातात, एक पिशवीत, एक वाळत. तीन म्हणजे जास्त वाटतात, पण एका सकाळी दोन जोड भिजतातच.

बुटांबाबत पालकांची एक चूक हमखास होते. थंडी आहे म्हणून ते दोन जाड मोजे घालून पाय बुटात कोंबतात. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि आतली हवाही दबते, मग दोन मोज्यांतला पाय एका मोज्यातल्या पायापेक्षा गार पडतो. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. बूट घेताना आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर मुलाचा पाय ठेवून बघा, पुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी जागा राहायला हवी. हाच तळ रोज संध्याकाळी काढून वाळवायचा. बाहेर असताना बूट भिजलाच, तर कोरडा मोजा घालून त्यावर साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पाय पुन्हा त्याच बुटात घाला. दिसायला कसंतरी दिसतं, पण घरी जाईपर्यंत पाय कोरडा राहतो.

कपडे हाताशी असले तरी ते चढवणं हे वेगळंच काम आहे, आणि इथेच बहुतेक जणी हात टेकतात. १६ मुलं, त्यांचे ३२ बूट, कुणाची चेन अडकलेली, आणि सगळ्यांचा जामानिमा झाल्यावर एक आवाज येतो, "ताई, शू." म्हणून शू सगळ्यांत आधी, येवो न येवो. मग विजार, मग बूट, मग जॅकेट, टोपी, आणि हातमोजे अगदी शेवटी. हातमोजे आधी चढले की मुलाला स्वतःचं काहीच करता येत नाही. हा क्रम चित्रांनी भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. जॅकेट स्वतः घालायची एक युक्ती तीन वर्षांच्या मुलालाही जमते. जॅकेट जमिनीवर पसरायचं, अस्तर वर, कॉलर मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जॅकेट डोक्यावरून मागे टाकायचं. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवशी ते मूल दहा वेळा काढून घालून दाखवतं. दाखवू द्या.

सुरुवातीला या सगळ्याला ४० मिनिटं लागतील. तो वेळ वाया गेला असं समजू नका. चेन लावणं, डावा-उजवा ओळखणं, क्रम लक्षात ठेवणं, आपल्या आधी तयार झालेल्याकडे मदत मागणं, हे आत खुर्चीवर बसवून शिकवायला आपण किती साधनं आणतो! मात्र एक व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. जी मुलं तयार झाली ती एका ताईबरोबर लगेच बाहेर गेली पाहिजेत. सगळे तयार होईपर्यंत त्यांना आत थांबवलं तर त्यांना घाम फुटतो. घाम म्हणजे आतून आलेली ओल. अशी मुलं बाहेर गेल्यावर पंधरा मिनिटांत काकडतात आणि आपण म्हणतो, आज फार थंडी आहे.

बाहेर गेल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त पळायचं. टेकाड चढायचं, स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीवर, ओंडके लादून ओढायचे, शिवाशिवी खेळायची. अंग तापलं की मग निवांत काम. निवांत म्हणजेही सात-आठ मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. गोष्ट सांगायची तर चालता चालता सांगा, एका झाडापाशी थोडी, पुढच्या झाडापाशी थोडी. गोष्टीतलं अस्वल पळालं की सगळे पळाले. बसायचंच असेल तर खाली फोमच्या चटईचा तुकडा हवा, कारण थंड जमीन बसल्या बसल्या ऊब ओढून घेते. चिमटीने मणी ओवणं, कातरकाम हे सगळं आतल्या वेळात ठेवा, हातमोज्यांत ते होत नाही आणि मुलं उगाच रडकुंडीला येतात. बाहेर मोठ्या स्नायूंची आणि खऱ्या उपयोगाची कामं द्या: वाटेवरचा बर्फ फावड्याने बाजूला करणं, पक्ष्यांच्या भांड्यातलं गोठलेलं पाणी बदलणं, शेकोटीसाठी काटक्या आणणं.

आणि हिवाळ्यात बघण्यासारखं काही नसतं असं कुणी म्हणालं, तर त्यांना एक गोठलेलं डबकं दाखवा. काही डबक्यांवर पांढरा, पोकळ पापुद्रा असतो. मुलं त्यावर पाय देतात, तो काचेसारखा फुटतो आणि खाली पाणीच नसतं! माझ्या गटात पाच वर्षांचा एक मुलगा अशा डबक्यापाशी उकिडवा बसून राहिला. "पाणी प्यायलं कुणी?" त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो तसंच आणखी एक डबकं शोधून त्याच्या काठाची माती बोटाने दाबत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वरचं झाकण झालं आणि मग खालचं जमिनीने पिऊन टाकलं." बरोबर होतं. वरचा थर आधी गोठतो, खालचं पाणी जमिनीत मुरतं, आणि मधे हवा राहते. तीन दिवस लागले, पण उत्तर त्याचं स्वतःचं होतं.

असंच आणखी एक करून बघा. दोन सारख्या बरण्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एक बरणी ताज्या, भुसभुशीत बर्फात पूर्ण पुरा, दुसरी वाऱ्यात उघडी ठेवा. कडाक्याची थंडी असलेला दिवस निवडा. अर्ध्या तासाने बोट बुडवून बघितलं की मुलं चक्रावतात, कारण पुरलेल्या बरणीतलं पाणी जास्त कोमट असतं. ताज्या बर्फात हवा अडकलेली असते आणि तो गोधडीसारखं काम करतो. मग उंदीर बर्फाखाली का राहतात, पक्षी पिसं का फुगवतात, आपण तीन थर का घालतो, हे सगळं मुलं त्या बरणीला जोडून बोलायला लागतात. निष्पर्ण फांद्यांवर पुढच्या वर्षीच्या कळ्या आधीच धरलेल्या असतात, त्याही दाखवा. एका फांदीला रंगीत लोकर बांधून ठेवा आणि दर आठवड्याला तिच्याकडे जा. सावल्या लांब असतात, त्या पावलांनी मोजता येतात. बर्फ पडला की रात्री कोण कुठून कुठे गेलं ते सगळं लिहून ठेवलेलं मिळतं.

शेकोटी असेल तर नियम कडक हवेत. दगडांचं कडं, त्याबाहेर बसायचं दुसरं कडं, आणि दोन्हींच्या मधे धावायचं नाही. विस्तवाजवळ जायचं ते एक गुडघा टेकून, म्हणजे तोल गेला तरी मूल मागे बसतं, पुढे पडत नाही. ठिणगीने नायलॉनचं जॅकेट वितळतं, त्यामुळे अंतर राखा. बंद तंबूत किंवा तिन्ही बाजूंनी झाकलेल्या आडोशात विस्तव कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गारठलेलं मूल ओळखायला हात बघू नका, हात सगळ्यांचेच गार असतात. मानेमागे, कॉलरच्या आत बोटं घाला. तिथे ऊब असेल तर ठीक, तिथे गार लागलं तर लगेच आत. चालताना अडखळणं, चिडचिड, खेळ सोडून उभं राहणं, आणि मघाशी म्हटलं तसं गप्प होणं, ही सगळी लक्षणं. मोठ्या मुलांच्या जोड्या लावा आणि दर थोड्या वेळाने एकमेकांचे गाल बघायला सांगा. गालावर, नाकावर किंवा कानावर पांढुरका, मेणासारखा डाग दिसला तर चोळायचं नाही, आणि बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. मूल आत आणून उबदार तळहात त्यावर नुसता धरायचा. बधिरपणा गेला नाही किंवा फोड आले तर डॉक्टर. थंड कोरड्या हवेने दमा चाळवतो, अशा मुलांची गळपट्टी नाकावर हवी आणि इनहेलर ताईच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, कारण गारठलेला डबा नीट फवारत नाही. थंडीत तहान कळत नाही, म्हणून कोमट पाणी आठवणीने पाजा. उन्हाच्या दिवशी चेहऱ्याला सनस्क्रीनही लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो.

सर्दीची भीती पालकांच्या मनात खोल असते. ती उडवून लावू नका. त्यांना सांगा की सर्दी विषाणूंमुळे होते आणि बंद खोलीत एकमेकांच्या श्वासात बसल्याने ती जास्त पसरते. ताप असलेलं मूल घरी, हेही त्याच दमात सांगा. फिनलंडमधल्या काही पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातली माती आणि झाडंझुडपं आणून घातली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणाही बदलल्या. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून "बाहेर खेळणारी मुलं आजारी पडत नाहीत" असं मात्र पालकांना सांगू नका. अभ्यास तेवढं म्हणत नाही, आणि पहिली सर्दी झाली की तुमचा शब्द पडतो. डोळ्यांबद्दल जास्त खात्रीने बोलता येतं. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आली होती, बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, आणि हिवाळ्यात दिवस लहान असताना तर तो आणखी मोलाचा.

कपड्यांच्या खर्चावर मला जरा स्पष्ट बोलायचंय. "हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात" ही उत्तर युरोपातली म्हण आमच्या क्षेत्रात उठता बसता ऐकू येते. मला ती कधीच पुरती पटली नाही. ज्या घरात एकच स्वेटर आहे त्या आईला हे वाक्य ऐकवून काय साधणार? लहान मुलांचं उघड्यावरचं शिक्षण फक्त सुस्थितीतल्या मुलांचं कधीच नव्हतं. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली शिशुशाळा काढली ती दाट वस्तीतल्या गरीब मुलांसाठी, जिथे मुडदूस आणि छातीचे विकार घरोघरी होते. त्या शाळेत मुलांना बागेबरोबर अंघोळ आणि जेवणही मिळत होतं. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ यांनी मुलांना रोज जंगलात न्यायला सुरुवात केली, ती स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या मुलांना घेऊन. म्हणून कपड्यांची पेटी शाळेची असू द्या. मोठ्या झालेल्या मुलांचे बूट, जॅकेटं परत घ्या, धुऊन मापाप्रमाणे लावा, आणि ज्याला हवं त्याने कुणाला न विचारता घ्यावं अशी ठेवा. नावं घालू नका, कपड्यांवरही नाही आणि यादीतही नाही.

राहिल्या मदतनीस ताई. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्याच आहेत. मुलं पळत असतात, मोठं माणूस उभं असतं, म्हणून थंडी आधी मोठ्या माणसाला वाजते आणि मग मुलांनाही वाजत असेल असं वाटून सगळे आत जातात. त्यांना मुलांसारखाच तीन थरांचा पोशाख शाळेने द्या, चांगले बूट द्या, आणि उभं राहायचं काम देऊ नका. त्यांनी स्लेज ओढावी, फावडं मारावं. दर पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस असेल तर कुणा एकाला आत नेलं तरी बाकीचे अडत नाहीत. हिवाळ्यात यापेक्षा कमी माणसांवर मी गट नेत नाही.

पुढच्या सोमवारी तीन तासांवर उडी मारू नका. पहिले दोन दिवस ४० मिनिटं, मग तास, आठवड्याअखेर दीड तास. मुलं आणि ताई दोघंही तेवढ्यात रुळतात. शनिवारी पालकांना बोलवा, त्यांच्याच हातून मुलांना तीन थर चढवून घ्या आणि सगळ्यांना घेऊन बाहेर जा. त्यांचे पाय गार पडतील आणि मुलं शेजारी धावत असतील. त्यानंतर "आत घेणार ना" हा प्रश्न किती जण विचारतात ते बघा, आणि जे विचारतील त्यांच्या मुलांचे बूट आधी तपासा.